पांढरीवरचं तडतडणारं पान

तेलगाव

"बीडला? आणि फिरायला?" नाशिकचे लोक मला असं विचारतात, जणू मी चंद्रावर बोरं वेचायला गेलो होतो. मी सांगतो, तंबाखूचं एक झाड बघायला गेलो होतो. त्याचं एकेक पान एवढं, की भर दुपारी दोन शेळ्या आणि त्यांचा मालक एकाच पानाच्या सावलीत झोपतात, आणि मालक घोरला तरी पान हलत नाही. इथपर्यंत आलं की ऐकणारा चप्पल शोधायला लागतो. माझी बायको म्हणते, मी थापा मारतो. तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिला वाढवून सांगायची सवय आहे.

झाड मात्र खरं आहे, आणि ते माझ्या मामाचं. धारूरच्या अंगाला, बालाघाटाच्या काठावर आमचं आजोळ. लहानपणी थंडीत मी तिथं इतका मुक्काम ठोकायचो की शाळेतले मास्तर माझं नाव विसरून जायचे. पुढं नोकरी, लग्न, नाशिक. आजोळ फोनमध्ये जाऊन बसलं. लग्नकार्याला उभ्या उभ्या जाऊन आलो असेन, पण पंगतीत बसून आलेला माणूस आजोळी जाऊन आला असं मी धरत नाही.

यंदा सुमनचा फोन आला. सुमन म्हणजे मामाची लेक, अंबाजोगाईला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एरवी ती फोनवर हसते आधी आणि बोलते नंतर. या वेळी हसली नाही.

"दादा, मायच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय. तुकडा काढून तपासला. अजून वाईट न्हाई म्हणाले डॉक्टर, पण मिश्री बंद केली न्हाई तर पुढचं सांगता येत न्हाई म्हणाले. माय हूं हूं करते आन् परत लावते. आबा तर तंबाखूचं एक झाड उपटायला तयार न्हाईत. तुमी येळवशीच्या सणाला या. आबा तुमचं ऐकतात."

मामानं माझं आजवर काही ऐकलेलं मला आठवत नव्हतं. पण असं कुणी आपल्याबद्दल बोललं की ते खोडून काढण्याइतका उद्धट मी नाही. पिशवी भरली आणि निघालो.

बीडपर्यंतचं काही सांगत नाही, रस्ता होता आणि आम्ही त्यावर होतो. तेलगावला मात्र गाडी थांबली ती थांबलीच. पुढं उसाची ट्रॉली आडवी झाली होती. कारखान्याचा हंगाम, पुढं ऊस, मागं ऊस, आणि मध्ये आम्ही. मी खाली उतरून एका ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "कवा मोकळं व्हायचं हे?"

तो स्टिअरिंगवर पाय टाकून निवांत बसला होता. "तुमाला घाई हाय का?"

"हाय की."

"मग दोन कांड्या घ्या. घाई असली की जाडा ऊस खावा माणसानं."

त्यानं मोळीतून ऊस ओढून दिला. माझं बघून गाडीतले सगळे उतरले. कंडक्टरही उतरला. आम्ही इतका ऊस खाल्ला की पुढच्या दोन ट्रॉल्या रिकाम्या होऊन रस्ता आपोआप मोकळा झाला. नाशकात रसवंतीवर लिंबू पिळलेला ग्लास मिळतो, पण दातानं सोललेल्या उसाचा पहिला घोट घशाखाली जाताना जे गार वाटतं, ते मी विसरलो होतो. ओठ चिरले तेव्हा आठवलं.

धारूरचा घाट

धारूरचा घाट चढताना गाडी पूर्वी इतकी हळू जायची, की चालत्या गाडीतून उतरून माणसं सीताफळं तोडायची आणि पुढच्या वळणावर परत चढायची. माझ्या एका चुलत मामानं तर उतरून, गावात जाऊन, जेवून, परत येऊन तीच गाडी पकडली होती. आता रस्ता रुंद झालाय. किल्ला आहे तिथंच आहे, डोंगराच्या सोंडेवर कोरड्या खंदकाकडं तोंड करून.

स्टँडवर मामा जुनी मोपेड घेऊन उभा. पांढरं धोतर, वर स्वेटर, डोक्याला रुमाल. कमरेत वाकलाय, पण आवाज तसाच, पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाशी बोलल्यासारखा.

"भाच्या! म्हातारा झालास की बे!"

"तुमी कुठं तरुण राहिलाव?"

"मी म्हातारा व्हायला वेळ घेतला. तू घाई केलीस." मग पिशवी माझ्या हातातून घेत डोळे बारीक करून म्हणाला, "सुमीनं बोलावलं ना? मला समजावून सांगायला?"

"छे. येळवशीचं जेवायला आलोय."

"खोटं बोलायला तू हितंच शिकलास, मपल्याच घरात. मला कावून ऐकवतोस?"

मोपेडवर मी मागं बसलो. दोन्हीकडं ज्वारी पोटरीतून बाहेर पडलेली, करडई काट्यावर आलेली, हरभऱ्यात घाटे. बोरीच्या झाडाखाली मामा आपसूक थांबला, मी न सांगता. लहानपणी या झाडाची बोरं मी खिशात भरून न्यायचो आणि खिसे फाटायचे. आता एक खाल्लं तर आंबट लागलं. दुसरं खाल्लं तर तेच ते जुनं, तुरट आणि शेवटी गोड. झाडाचा दोष नव्हता. माझीच जीभ नाशिकची झाली होती.

रात्री जेवायला येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी. आमच्याकडं मिसळीचा तिखटपणा आधी वर्दी देऊन येतो. येसराची आमटी शांत बसलेली असते आणि तिसऱ्या घासाला कानातून धूर काढते. मी दोन भाकरी चुरल्या. मामी माझ्या शेजारी बसली होती. ती फक्त उजव्या बाजूनं चावत होती, आणि आमटीऐवजी दूध-भाकरी खात होती. तिखट खाण्यात अख्ख्या पंचक्रोशीत जिला तोड नव्हती, ती बाई. तिनं माझं बघणं बघितलं आणि म्हणाली, "तू खा बाबा. माझ्या घासावर नजर ठेवू नको." मी गुपचूप खाली मान घातली.

तव्यावरची सकाळ

सकाळी मला शिंकांनी उठवलं. आधी एक, मग माळ लागली. मला वाटलं सर्दी झाली. मग वास ओळखला आणि क्षणात मी आठ वर्षांचा झालो.

चुलीवर तवा, तव्यावर तंबाखू, समोर मामी. पान काळं होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, डबीत भरायचं; की झाली मिश्री. पूर्वी ती भाजायला बसली की अख्खी आळी शिंकायची. आम्ही पोरं ओळीनं उभं राहून शर्यत लावायचो, शेवटी शिंकेल तो राजा. एकदा तर शेजारचा बैल इतक्या जोरात शिंकला की दाव्यासकट पुढच्या गल्लीत सापडला. खोटं वाटत असेल तर त्या बैलाला विचारा.

आज शिंकायला मी एकटाच होतो. बाकीची पोरं कुठं पुण्याला, कुठं सुरतेला. मामीनं एक जाड शीर उचलून निखाऱ्यावर टाकली. *चर्र... तड तड तड!* बारीक ठिणग्या उडाल्या, फुलबाजीसारख्या.

"बघ!" मामा ओट्यावरून ओरडला. "हे जिवंत पान! दुकानातलं टाक चुलीत, नुसता धूर. यात खताची एक चिमूट न्हाई, औषधाचा फवारा न्हाई. हे बोलतं!"

मामीनं बोटावर मिश्री घेतली, दाताला लावली आणि बोलायची बंद झाली. एकदा मिश्री तोंडात गेली की ती तासभर कुणाशी बोलत नाही. सगळं हूं, हूंहूं आणि भुवयांवर चालतं. तिच्या त्या भुवयांवर आमची बालपणं गेली. एक भुवई म्हणजे बस खाली. दोन म्हणजे मार.

मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "आण इकडं, मामी, मी पण लावून बघतो." तिनं जोरानं मान हलवली. पण पाहुण्याला नाही म्हणता येत नाही हे मला ठाऊक होतं. चिमूटभर लावली. पहिल्यांदा गार वाटलं. मग कान गरम झाले. मग समोरचा कडुलिंब सावकाश डावीकडं निघाला. मी त्याला थांबवायला म्हणून उठलो आणि परसातल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात बसलो. नंतर जे झालं ते जेवणाऱ्या वाचकांसमोर सांगत नाही.

सुमन तांब्या घेऊन धावत आली. ती आदल्या रात्रीच आली होती. माझ्या डोक्यावर पाणी ओतत ती बापाला म्हणाली, "बघितलं? एका चिमटीत दादांची ही गत!"

"कडक हाय म्हणूनच," मामा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर, देवा शपथ, अभिमान होता.

पांढरी

ऊन वर आल्यावर मामा मला झाडं दाखवायला घेऊन गेला. गावाच्या पलीकडं ओढा आहे आणि ओढ्यापलीकडं जुनं गाव होतं. माणसं कधी तरी पाण्यासाठी अलीकडं आली आणि ते उठलं. आता तिथं नुसता उंचवटा. शेतातली माती ती काळी, आणि जिथं माणसं-गुरं पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती पांढरी. राख, शेण, गोमूत्र, भिंतींची माती, चुलीची माती, सगळं जिरून जिरून ती अशी पिठूळ, राखट होते. पाय टाकला की पायताण रुततं.

गाव उठलं तरी आमच्या आजोळचा गोठा मामाच्या लग्नानंतरही इथंच होता; त्या जुन्या गोठ्याची जागा म्हणजे या पांढरीचा मानाचा कोपरा, आणि तिथं मामाची तंबाखू. खरं सांगतो, फार नाहीत, वाफाभर झाडं. पण काय झाडं! छातीइतकी उंच, हिरवीकाळी, पानं ताटाएवढी (दोन शेळ्यांचं मघाशी सांगितलं ते जरा मोठ्या पानाबद्दल). हात लावला की चिकट. कळी येताच मामा शेंडा खुडतो, बगलेतली फूट काढतो, म्हणजे सगळा जोर पानात.

"ही माती चाटून बघ," मामा म्हणाला. भिंतीचा एक बुडखा उरलाय, त्याच्यावर पांढरा पापुद्रा येतो. मी जिभेला लावला. खारट, आणि बर्फासारखा गार.

"सोरा," मामा म्हणाला. "माझा आजा सांगायचा, निजामाच्या राज्यात हितून सोरा खरवडून न्यायचे, बंदुकीच्या दारूला."

मी तेवढ्यावर थांबणारा माणूस नाही. मी ताबडतोब ठरवून टाकलं की धारूरच्या किल्ल्यावरची प्रत्येक तोफ आमच्या आजोळच्या गोठ्यावर चालायची, आणि आमच्या म्हशी आटल्या की किल्ला पडायचा.

सुमन मागून आली होती. तिच्या पिशवीत कागदाच्या बारीक पट्ट्यांची डबी होती. ती म्हणाली, "दादा, तुमी हसताव, पण तेच तर हाय. सोरा म्हंजी नायट्रेट. गोठ्यातलं शेण-मूत कुजून कुजून शेवटी त्याचं तेच होतं. तेच मुळातून पाण्याबरोबर वर चढतं."

"मग चढू दे की," मामा म्हणाला. "झाडाला खायला नको?"

"खायला हवं, आबा. पण खायचं तर शिजवावं लागतं. असं समजा, नायट्रेट म्हंजी कच्चा शिधा. पान म्हंजी चूल, आन् ऊन म्हंजी सरपण. सरपण असलं तर झाड शिधा शिजवून अंगाला लावतं. यंदा किती दिवस आभाळ व्हतं? सरपण न्हाई, आन् ही पांढरी पोत्यानं शिधा पाठवतीय. झाड काय करणार? कोठीत रचून ठेवतं."

"कोठी कुठं असती झाडाला?"

तिनं खालचं एक पान तोडलं, मधली जाड शीर पिळली आणि थेंब पट्टीवर पाडला. "ही कोठी."

पट्टी आधी गुलाबी झाली, मग लाल, मग वांग्यासारखी जांभळी. मी तर म्हणेन ती माझ्या हातात गरम झाली. मग सुमन खाली काळ्या रानात गेली. उरलेली चार रोपं मामानं तिथं बांधाला लावली होती. त्यातल्या एका पानाची शीर पिळली. पट्टी गुलाबी झाली आणि तिथंच थांबली.

"तुमचं पान तडतडतं ते जिवंत म्हणून न्हाई, आबा. त्यात बारूद भरलीय म्हणून. आन् पान वाळताना, साठवताना, त्याच नायट्रेटपासून तंबाखूत वाईट विषं तयार होतात. तीच तोंडाला बाधतात. तंबाखू कुठलीबी वाईटच. पण ही त्यात आणखी भर घालून आलेली हाय."

मामानं दोन्ही पट्ट्या उन्हात धरल्या, बराच वेळ बघितल्या. "रंग तर सरडाबी बदलतो," तो म्हणाला. पण आवाज या टेकडीवरच राहिला, पलीकडं गेला नाही. मग त्यानं विचारलं, "हितं दुसरं काय लावलं तर? पालक?"

"पालक तर आणखी अधाशी! मेथी, राजगिरा, सगळ्या पालेभाज्या नायट्रेट साठवतात."

"मग काय दगड लावू?"

सुमन चिडून कोपीकडं निघून गेली. कोप म्हणजे त्याच दुपारच्या येळवशीसाठी कडब्याची उभी केलेली झोपडी. मी मामाच्या शेजारी बसलो. मला समजावायला बोलावलं होतं, म्हणून मी समजावलं. नाशिकच्या एका माणसाची गोष्ट सांगितली, ज्यानं मिश्री सोडली आणि त्याला नवे दात आले. मामानं हात वर करून मला थांबवलं.

"तुला ठाऊक हाय, मी आयुष्यात तंबाखूला जीभ लावली न्हाई."

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की दोघंही खातात.

"लगीन होऊन थोडेच दिवस झालते. ही धर्मापुरीची, लाडाची. एक दिवस बघितलं तर गोठ्यामागं बसून रडतीय. इचारलं, तर पदरात तोंड. मला कळलं. हिच्या माहेरी समद्या बायका मिश्री लावायच्या. आमच्या घरात कुणीच न्हाई. पोरीला तलफ आली असंल, आन् सासूपुढं मागायची चोरी. मी बाजारातून डबीभर मिश्री आणून दिली. मग रोज कुठून आणायची? म्हणून रोपं मिळवली आन् हितं पलीकडं लावली, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून."

तो झाडाच्या बुंध्याची माती सारखी करत राहिला.

"तिनं कधी लुगडं मागितलं न्हाई, सोनं मागितलं न्हाई. आयुष्यात एकच गोष्ट मागितली. म्हंजी, तोंडानं न्हाई. पण मला कळलं. आता या वयात मी जाऊन तीच उपटू?"

मी बोलणारा माणूस आहे. दशम्या संपतात, माझं बोलणं संपत नाही. पण त्या दिवशी मी नवे दात आलेल्या माणसाला तिथंच सोडलं आणि मामाबरोबर माती सारखी करायला लागलो. ओढ्याकडून गार वारा येत होता, आणि ती ताटाएवढी पानं एकमेकांना घासत होती.

येळवस

येळवस म्हणजे वेळअमावस्या. रब्बी भरात असताना त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला जातं. गावात कुलपं, नाहीतर कुत्री. नाशकात कुणाला सांगितलं तर म्हणतात, म्हणजे पिकनिक. अहो, पिकनिकला माणूस आपला डबा आपण खातो. येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून बसवतात. नाही म्हटलं तर भांडण होतं.

कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडलेले. मामानं पूजा केली, रानाच्या चारी बाजूंना आंबील शिंपडली. मग भज्जी. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे, वाटाण्याचे दाणे, पालेभाजी, शेंगदाणे, चिंचेचा कोळ, बेसन, रानात जे जे उभं आहे ते सगळं एका भांड्यात. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, खीर, आणि माठातली आंबट आंबील. मी किती खाल्लं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की उठताना कोपीचा खांब धरला, आणि उठलो मी नाही, खांब उठला.

मामीनं खीर घेतली, आंबीलही दोनच घोट. आंबट झोंबत असावं. भज्जी तिनंच केली होती, सकाळपासून खपून. सगळ्यांना आग्रहानं वाढली आणि स्वतःच्या ताटात एक थेंब घेतला नाही. मग हात धुतले, कोपीच्या तोंडाशी पाय पसरून बसली, कमरेची पितळी डबी काढली आणि बोटावर मिश्री घेतली.

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ताडकन उठली. "बास. आज मी उपटते समदी."

ती पांढरीकडं निघाली. मामा तिच्यामागं. त्याच्यामागं मी, पोट सावरत. मामा झाडांच्या मधोमध जाऊन उभा राहिला, हात पसरून.

"आधी मला उपट, मग झाडाला हात लाव."

"आबा, तुमाला माय पायजे का तंबाखू?"

"तिचीच हाय ती! तिनं सांगितलं तर उपटीन. तू कोन?"

"ती कशाला सांगंल? तिला सवय लागलीय!"

"भाच्या, तू सांग हिला!"

"दादा, तुमी सांगा आबांना!"

मी दोघांकडं बघून म्हणालो, "माझं ऐका..." आणि पुढं काय ते मलाच माहीत नव्हतं.

एवढ्यात मागून "हूं!" असा आवाज आला. मामी येऊन उभी होती. दोन्ही भुवया वर. आम्ही तिघं ओळीनं उभे राहिलो, वयं विसरून. तिनं बोट वर केलं, थांबा. तांब्या होता हातात. बाजूला जाऊन खळखळून चूळ भरली, पुन्हा भरली, पदरानं तोंड पुसलं, आणि आली.

"झालं का तुमचं? तोंड मपलं. त्यात काय घालायचं त्यावर तिघं रानात भांडताव, आन् मला कुनी इचारीना."

"तुला काय इचारायचं?" मामा म्हणाला. "तूच तर मागितली व्हतीस."

"काय?"

"मिश्री."

"कवा?"

"कवा म्हंजी? गोठ्यामागं रडत व्हतीस तवा. हितंच की, ह्याच जागेवर."

मामीनं तांब्या खाली ठेवला. "अवो, मी मिश्रीला कवा हात लावलता? माझ्या मायनं बजावलं व्हतं, समद्या घराला लागली तेवढी पुरं, तू लावलीस तर बोट तोडीन. तुमीच आनून हातात ठिवली. नवा नवरा पयल्यांदा काहीतरी घेऊन आला, ते न्हाई कसं म्हनायचं? पयल्या दिवशी लावली आन् गोठ्यात जाऊन ओकले, आज भाचा बसला तशीच. दुसऱ्या दिवशीबी तेच."

"मग सोडायची की!"

"कशी सोडू? तुमी रोपं लावून बसलाव! पानी काय घालताव, शेंडे काय खुडताव. पान वाळलं की पळत यायचे, तडतड ऐकवायला. तुमच्या तोंडाकडं बघून मी लावत गेले. आन् मग लागली."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी रचल्या, पण ही मला कधी सुचली नसती. एवढी वर्षं मामानं तिच्यासाठी पिकवली आणि तिनं त्याच्यासाठी लावली, आणि दोघांपैकी एकालाही ती हवी नव्हती.

मामाचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. त्यानं विचारलं, "मग तवा रडत कावून व्हतीस?"

"जोडवं," मामी म्हणाली.

"आं?"

"जोडवं रुतत व्हतं. बोट टरारून सुजलं व्हतं. सासूपुढं पाय करून सांगायची लाज वाटायची."

मामा धोतर सावरून तिथंच पांढरीवर उकिडवा बसला, आणि त्यानं तिचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला.

"अवो! सोडा! लेकीसमोर, भाच्यासमोर!"

"कुठलं बोट?"

"आता काय त्याचं? मुरलं कवाच."

"कुठलं ते सांग आधी."

तो एकेक बोट दाबून बघत होता. मामी एका पायावर डगमगली, आणि तोल सावरायला तिनं शेजारच्या तंबाखूचा बुंधा धरला. पांढरीची माती पिठासारखी. झाड मुळासकट तिच्या हातात आलं. तिनं ते एकदा खालून वर बघितलं, बांधाकडं भिरकावलं, आणि पाय मामाच्या हातात तसाच ठेवून दुसऱ्या झाडाला हात घातला.